काचेतले कलम

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या दुपारी आम्ही सारे ओसरीवर बसलो होतो. चकली-चिवड्याने जिभा जड झाल्या होत्या, म्हणून मामांच्या बागेतून आलेल्या आंबिया बहाराच्या संत्र्यांची टोपली कोणीतरी मध्ये आणून ठेवली. माझ्या धाकट्या मुलीने फोडी खाता खाता बिया एका वाटीत गोळा केल्या आणि मला विचारले,

"बाबा, ही बी पेरली तर अस्संच संत्रं येईल?"

मास्तरकीचा एक दोष असा, की प्रश्न पुरता ऐकायच्या आतच उत्तर तोंडातून बाहेर पडते. मी म्हणालो, "छे! बीपासून आलेलं झाड कधी आईसारखं निघत नाही. म्हणून तर कलमं करतात."

मामा खाटेवर लवंडले होते. डोळे न उघडताच ते म्हणाले, "मास्तर, तू आंब्याचं सांगून ऱ्हायला. संत्र्याचं तसं नाई."

सर्वांसमक्ष माझी फजिती झाली. मामा चौथीपुढे शिकलेले नाहीत आणि मी पोरांना शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. पण झाडाच्या बाबतीत त्यांचा शब्द खोटा ठरलेला मी पाहिलेला नाही. सुटी संपल्यावर मी पुस्तके धुंडाळू लागलो. एका बीच्या शोधात निघालेला मनुष्य कुठल्या कुठे जातो! मी ग्राझ, कॅलिफोर्निया, व्हॅलेन्सिया असा सारा प्रवास बसल्या जागी करून परत वरूडच्या पन्हेरीत आलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

प्रथम मामांचे म्हणणे. हापूस आंब्याची कोय पेरली तर उगवेल ते झाड हापूसचे नसते. त्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो आई आणि बाप या दोघांच्या संयोगातून झालेला असतो. बाप कोण, हे वाऱ्याला आणि माशांना ठाऊक. म्हणून हापूस टिकवायचा तर कलमच हवे. गोव्यात पोर्तुगीजांनी आणि त्यांच्या पाद्र्यांनी आंब्याची भेटकलमे बांधली आणि 'अफोंसो' या नावाचा आपल्या तोंडी 'हापूस' झाला. तेव्हापासून आजपर्यंतचा प्रत्येक खरा हापूस म्हणजे एकाच वृक्षाच्या फांद्यांची फांदी आहे.

संत्र्याचे निराळे. लेव्हेनहूक हा हॉलंडमधील कापडव्यापारी हाताने भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवी. १७१९ साली त्याने नारिंगाच्या एका बीत दोन गर्भ पाहिले. त्याचा उलगडा व्हायला दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. १८७८ साली स्ट्रासबुर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की यांतला एक गर्भ आईबापांचा असतो; बाकीचे मात्र बीजांडाच्या आतल्या अस्तरातून, म्हणजे निव्वळ आईच्या अंगच्या पेशींतून, फुटून आलेले असतात. त्यांना बाप नाही. ते हुबेहूब आईच. आपल्या नागपुरी संत्र्याच्या बीतही असे अनेक गर्भ असतात. तेव्हा मामा बरोबर आणि मास्तर चूक.

मग आमच्या भागातले लोक संत्र्याची बी पेरून मोकळे का होत नाहीत? जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधण्याचा खटाटोप कशाला? त्याचे कारण, बीतून आलेले झाड पुन्हा बाळपणापासून सुरुवात करते. अंगभर काटे, सरळ उंच वाढ, आणि फळ धरायला कलमी झाडापेक्षा कितीतरी वर्षे अधिक. वयात आलेल्या झाडाचा डोळा बांधला तर कलम वयात आलेलेच जन्माला येते. एवढी सोय. पण या सोयीत एक घात दडलेला आहे. बीतून आईचे रोग सहसा उतरत नाहीत; डोळ्यातून मात्र आईच्या रसात जे जे असेल ते सारे उतरते. बी रोग गाळते पण तारुण्य देत नाही. डोळा तारुण्य देतो पण रोगही देतो.

हा पेच आमच्या घरात येऊन गेलेला आहे. मी लहान असताना मामांची बाग म्हणजे आमचे वैभव होते. मृग बहार आणि आंबिया बहार हे शब्द मी बाराखडीबरोबर शिकलो. पुढे मी शिक्षक झालो, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बाग डोळ्यांदेखत वाळली. आधी शेंडे वाळत, मग पाने पिवळी पडत, मग फळ सुपारीएवढे राही. डिंक्या म्हणावा तर बुंध्याला डिंक नाही. कोळशी म्हणावी तर पाने स्वच्छ. झाड नुसते खंगत जाई. कलमा एका रोपवाटिकेतून स्वस्तात आणलेल्या होत्या. त्यांचे डोळे कोणत्या झाडावरचे हे विकणाऱ्यालाही सांगता आले नव्हते. विदर्भातील संत्र्याच्या ऱ्हासाला एकच कारण नाही. मुळे कुजवणारी बुरशी आहे, जमीन आहे, पाणी आहे, विषाणू आहेत, 'ग्रीनिंग' नावाचा जिवाणूचा रोग आहे. मामांच्या बागेला यांतले काय काय भोवले हे कोणी तपासले नाही. मामांनी एक दिवस कुऱ्हाड आणली. पहिले झाड पडल्यावर ते मला म्हणाले, "काहून रे मास्तर, तुह्या बुकात याचं काही औषध लिवलं हाये काय?"

मी गप्प बसलो. बुकात होते, पण मला ते ठाऊक नव्हते.

ते औषध निघाले त्याची सुरुवात १९०२ साली एका फसलेल्या प्रयोगाने झाली. ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी गॉटलीब हाबरलांट नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे वडील फ्रीडरिश हाबरलांट यांनी युरोपात सोयाबीनचा प्रचार केला. (आमच्या वऱ्हाडात आज जिकडे तिकडे सोयाबीन दिसते, म्हणून हे नाव वाचून मला उगीचच सोयरीक सापडल्यासारखे वाटले.) मुलाच्या डोक्यात निराळाच विचार होता. झाडाच्या अंगातली एकेक पेशी जर स्वतंत्र जीव आहे, तर तिला झाडापासून सोडवून काचेच्या भांड्यात अन्न देऊन वाढवता का येऊ नये? आणि तिच्यात सगळ्या झाडाचा आराखडा असेल, तर तिच्यापासून पुन्हा सगळे झाड का होऊ नये?

त्यांनी पानांच्या पेशी अलग केल्या, जलपर्णीच्या देठातल्या घेतल्या, क्षारांच्या पाण्यात साखर घालून त्यांना त्यात ठेवले. पेशी जगल्या. आठवड्यामागून आठवडे जगल्या, फुगून मोठ्या झाल्या, त्यांनी पिठूळ द्रव्यही साठवले. फक्त एक गोष्ट केली नाही. एकीच्या दोन झाल्या नाहीत. एकही पेशी विभागली नाही.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. हाबरलांट यांनी आपले अपयश व्हिएन्नाच्या अकादमीपुढे मांडले, आणि वर भाकीतही केले: एक दिवस अशा साध्या पेशींपासून कृत्रिम गर्भ वाढवता येतील. त्यासाठी काय करून पाहावे, हेही त्यांनी सुचवले. गर्भाभोवतीच्या पिशवीत जो रस असतो तो या पेशींना पाजून पाहावा. गर्भाला वाढवणारे काहीतरी त्यात असले पाहिजे. मला हा मनुष्य फार आवडला. मी मुलांच्या वह्या तपासतो तेव्हा उत्तर चुकले की काट मारतो. पण चुकलेल्या उत्तराखाली योग्य प्रश्न लिहिलेला असला तर किती गुण द्यावेत, हे मला अजून कळलेले नाही.

गर्भाभोवतीचा रस मिळवायचा कुठून? बहुतेक झाडांत तो थेंबभरही नसतो. पण एक झाड असे आहे की जे तो पेलाभर देते, आणि आपण तो देवापुढे वाढवतो व उन्हाळ्यात रस्त्यावर उभे राहून पितो. नारळाचे पाणी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून नारळाच्या गर्भासाठी राखलेले द्रवरूप अन्न आहे. हाबरलांट यांच्या सूचनेनंतर एकोणचाळीस वर्षांनी, १९४१ साली, फान ओव्हरबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत धोतऱ्याचे इवलेसे गर्भ नारळाच्या पाण्यात वाढवून दाखवले. पुढे कॉर्नेल विद्यापीठात स्टीवर्ड यांनी गाजराच्या तुकड्यांना तेच पाणी पाजले, आणि १९५८ च्या सुमारास गाजराच्या साध्या पेशींपासून गर्भासारखी रूपे आणि त्यांतून सबंध गाजराची रोपे मिळाली. जर्मनीत राइनर्ट यांनाही त्याच सुमारास तसेच दिसले. हाबरलांट १९४५ साली वारले. भाकीत खरे झालेले त्यांनी पाहिले नाही. मात्र १९३९ साली गोथरे व नोबेकूर यांनी फ्रान्समध्ये आणि व्हाइट यांनी अमेरिकेत वनस्पतींच्या ऊती काचेत अखंड वाढत्या ठेवल्या, तेवढे त्यांच्या हयातीत घडले.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग नावाचे स्वीडिश शास्त्रज्ञ होते. हे गृहस्थ १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटर धावलेले. त्यांच्या प्रयोगशाळेत कार्लोस मिलर हे तंबाखूच्या खोडातील भेंडाच्या पेशींना विभागायला लावणारे द्रव्य शोधत होते. फळीवर हेरिंग माशाच्या वीर्यातील डीएनएची एक जुनी बाटली होती. ते घालताच पेशी भराभर विभागू लागल्या. आनंदीआनंद! बाटली संपली, नवी आणली, तर त्या नव्यात काही दम नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की ताजे डीएनए नव्हे, तर जुने होऊन मोडलेले डीएनए कामाचे आहे. मग नवे डीएनए दाबाखाली वाफेवर शिजवले आणि गुण परत आला. त्यातून १९५५ साली 'कायनेटिन' हाती लागले. दोन वर्षांनी स्कूग आणि मिलर यांनी दाखवले की ऑक्सिन जास्त आणि कायनेटिन कमी असले तर ऊतीला मुळे फुटतात, उलट केले तर कोंब फुटतात, आणि दोन्ही सारखी असली तर नुसता गोळा वाढत राहतो. स्वयंपाकात मीठ-साखरेच्या प्रमाणावर चटणी की मुरंबा हे ठरावे, तसलाच हा प्रकार.

याच स्कूगच्या हाताखाली तोशियो मुराशिगे हा हवाईतल्या जपानी कुटुंबातला तरुण काम करीत होता. तंबाखूच्या पानांचा काढा घातला की पेशींची वाढ चौपट-पाचपट होते असे त्याला दिसले. काढ्यात कोणते तरी अज्ञात संजीवक असणार, म्हणून त्याने शोध चालवला. अखेर निघाले काय? संजीवक वगैरे काही नाही. काढ्यातले साधे क्षारच बहुतांशी काम करीत होते. नत्र आणि पालाश. आजवर सारे जण पेशींना उपाशी ठेवत होते! मुराशिगेने क्षारांचे नवे प्रमाण बसवले आणि १९६२ साली ते स्कूगबरोबर प्रसिद्ध केले. आज जगातील कोणत्याही ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत जा, बरणीवर 'एमएस' अशी दोन अक्षरे दिसतील. ती या दोघांच्या आडनावांची आहेत.

१९६४ साली मुराशिगे कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथे आले. हे गावच नारिंगाचे. १८७३ साली एलायझा टिबेट्स नावाच्या बाईने वॉशिंग्टनच्या सरकारी खात्याकडून मागवलेली दोन रोपे येथे लावली. मूळ ब्राझीलमधील बाहियाचे हे वाण. नारिंगाच्या टोकाला बेंबी आणि पोटात बी नाही. ज्या फळात बीच नाही त्याचा वंश माणसाच्या हाताखेरीज चालायचा कसा? त्या झाडांचे डोळे घेऊन कॅलिफोर्नियाचा सारा नारिंगउद्योग उभा राहिला. त्यांतले एक मूळ झाड रिव्हरसाइडच्या चौकात अजून उभे आहे. त्याची मुळे रोगाने गेली तेव्हा १९१८ साली त्याच्या बुंध्याशी निरोगी रोपे लावून भेटकलमाने त्याला नवी मुळे दिली. एका म्हाताऱ्या झाडाला चार तरुण खांदा देऊन उभे आहेत असे काहीसे ते दृश्य झाले असेल.

पण तेव्हा जगभरच्या नारिंगबागांवर मोठे संकट होते. १९३० नंतरच्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये बागाच्या बागा खंगू लागल्या. ब्राझीलच्या लोकांनी रोगाला 'त्रिस्तेझा' म्हटले. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ खिन्नता. झाड खिन्न होऊन मरते! हे नाव मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. मामांची झाडे तशीच मेली होती. त्यांचा रोग हाच होता असा माझा दावा नाही; पण कोणी त्यांच्याकडे पाहून नाव ठेवले असते तर हेच ठेवले असते.

त्रिस्तेझाचा डाव असा होता. एकोणिसाव्या शतकात बुंधा कुजण्याच्या रोगाने बागा गेल्या, म्हणून लोकांनी तो रोग सोसणाऱ्या आंबट नारिंगाचा खुंट धरला. तो खुंट सगळीकडे पसरला, आणि नेमक्या त्याच जोडीवर, आंबट खुंटावर गोड नारिंग, त्रिस्तेझाने झडप घातली. डोळा आणि खुंट जिथे जुळतात तिथल्या अन्नवाहिन्या मरत. पानांनी शिजवलेले अन्न मुळांपर्यंत पोचेना आणि मुळे उपाशी मरत. १९४६ साली ब्राझीलमध्ये मेनेगिनी यांनी दाखवले की हा रोग मावा पसरवतो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तो विषाणूचा आहे हे सिद्ध झाले. मावा शेजारच्या बागेत नेतो खरा, पण समुद्रापार त्याला माणसानेच नेले, डोळकाड्यांच्या पेंड्यांतून. १९५७ साली तो स्पेनमध्ये दिसला आणि तिथल्या कोट्यवधी झाडांचा त्याने घास घेतला.

विषाणू नसलेली आणि तरीही वयात आलेली डोळकाडी कोठून आणायची? फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तां यांनी १९५२ साली एक वाट दाखवली होती. रोगी झाडाच्या अगदी शेंड्यावर, जिथे नव्या पेशी सतत जन्मतात आणि अन्नवाहिन्या अजून पोचलेल्या नसतात, तिथे विषाणू नसतो किंवा नसल्यासारखा असतो. तेवढे टोक कापून काचेत वाढवले तर निरोगी झाड मिळते. त्यांना डेलियाची मिळाली, पुढे बटाट्याची मिळाली. नारिंगाने मात्र दाद दिली नाही. टोक लावावे, ते हिरवे राहावे, पण मूळ धरू नये.

दुसरी वाट त्या बाप नसलेल्या गर्भांची. या कामात आपल्या लोकांचा हात आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी वनस्पतिगर्भशास्त्राची मोठी परंपरा उभी केली. तिथेच १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून गर्भ वाढवून जगाला चकित केले. त्याच विभागात रंगस्वामी यांनी १९५८ साली लिंबूवर्गातील बीजांडाचे ते आतले अस्तर काढून काचेत वाढवले होते. पुढे रंगन हे भारतीय शास्त्रज्ञ रिव्हरसाइडला मुराशिगेंबरोबर होते. ज्या जातींच्या बीत एकच गर्भ असतो त्यांच्याही अस्तरातून गर्भ निघू शकतात हे त्यांनी १९६८ साली दाखवले. रोपे निरोगी निघाली. पण पुन्हा तेच बाळपण, तेच काटे, तीच प्रतीक्षा.

तेव्हा मुराशिगे आणि त्यांच्या मंडळींनी जे केले ते वाचून मला हसू आले, कारण ते आमच्या पन्हेरीतल्या कोणत्याही कलम बांधणाऱ्याला सुचले असते. टोकाला स्वतःचे मूळ फुटत नाही ना? मग त्याला दुसऱ्याचे द्या. कलम करा! फक्त ते काचेच्या नळीत करा. १९७२ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली, आणि १९७५ साली लुईस नवार्रो, रॉइस्टाकर आणि मुराशिगे यांनी ती नीट बसवून दिली.

नागपूरला एका प्रयोगशाळेत हे काम मी पाहिले आहे. खुंटाची बी सोलून, निर्जंतुक करून, नळीतल्या आगरावर अंधारात उगवतात. दोनेक आठवड्यांत पांढुरके, लांबट रोप येते. त्याचे डोके उडवून दीड सेंटिमीटर खोड ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, दाढीच्या पात्याचा तुकडा बसवलेल्या सुरीने, हव्या त्या जातीच्या कोवळ्या शेंड्याची पाने एकेक करून उलगडतात. अखेर उरते ते टोक, सोबत पानांचे दोन-तीन अंकुर, मिलिमीटरचा दहावा किंवा पाचवा हिस्सा. रव्याच्या कणाहूनही बारीक. खुंटाच्या खोडावर उलट्या 'टी'सारखी चीर देऊन त्या चिरेत ते टोक ठेवायचे. ठेवणारी मुलगी पंचविशीची असेल. ती तेवढा वेळ श्वास रोखून धरी. मी विचारले, "चुकून खाली पडलं तर?" ती म्हणाली, "सर, पडलं तर सापडत नाही. दुसरं घ्यायचं." टोक मोठे घ्यावे तर कलम चटकन लागते पण विषाणू बरोबर येण्याचा संभव वाढतो, लहान घ्यावे तर विषाणू सुटतो पण कलम लागत नाही. निम्मी तरी वाया जातात. महिना-दीड महिन्याने जगलेल्याला दोन पाने दिसतात, मग ते कुंडीतल्या जोमदार खुंटावर चढवायचे, मग विषाणूची तपासणी करायची. आणि ते आईच्या वयाचेच असते. काटे नाहीत, बाळपण नाही.

नवार्रो स्पेनला परतले. व्हॅलेन्सियाजवळ मोन्कादा येथे १९७५ साली या रीतीने वाण शुद्ध करण्याचे काम सुरू झाले, आणि स्पेनची नारिंगशेती नव्या, त्रिस्तेझा सोसणाऱ्या खुंटांवर, या काचेतून आलेल्या वंशाने पुन्हा लावली गेली. आपल्याकडे नागपूरला १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. आज ती केंद्रीय संस्था आहे, आणि तिथे नागपुरी संत्र्याची रोगमुक्त मातृवृक्षे अशाच रीतीने तयार करतात. एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. शेतकऱ्याच्या हाती पडणारी कलम स्वतः काचेत वाढलेली नसते. तिची आजी किंवा पणजी काचेत वाढलेली असते. ती आजी मावा शिरू नये म्हणून जाळीच्या घरात पडदानशीन ठेवतात, कारण रोगमुक्त म्हणजे रोग न लागणारे नव्हे.

केळीचे काम याहून सोपे निघाले. केळ हे मुळी झाडच नव्हे, ते एक अवाढव्य गवतासारखे रोप आहे. मुनव्यातला गाभा काचेत लावला की एकाचे अनेक होतात. जळगावकडच्या बागांत ग्रँड नैनची अशी रोपे आज लाखांनी लागतात आणि घड बरोबरीने निघतात. पण तिथेही मातृरोप तपासलेले नसेल तर 'हरण्या'चा विषाणू लाखांनी वाढतो. म्हणून २००६ साली सरकारने अशा रोपांसाठी प्रमाणपत्राची पद्धत आणली. सफरचंदाचे खुंट इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंगला साधले. तिथे जोन्स यांनी १९७६ साली दाखवले की सफरचंदाच्या स्वतःच्या अंगातला 'फ्लोरिझिन' हा पदार्थ काचेतल्या कोंबांच्या वाढीला मदत करतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मॅस्करेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली शंभर वर्षांच्या सागाच्या झाडापासून काचेत कोंब काढले. साग फळझाड नव्हे. पण म्हाताऱ्या झाडाचे लाकूड काचेत बहुधा काळे पडून मरते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गोष्टीचे मोल कळेल. आणि आंबा? फ्लोरिडात लिट्झ यांनी १९८२ साली आंब्याच्या बीजांडातून गर्भ काढले खरे, पण रत्नागिरीचा बागाईतदार अजून कोयकलमच बांधतो. हापूस काचेला वश झालेला नाही, आणि कोकणी मनुष्याला याचे फारसे वाईट वाटत असेल असे मला दिसत नाही.

हे सारे वाचताना मलेशियातील तेलताडाच्या प्रकरणाशी येऊन मी थबकलो. तेलताडाला एकच शेंडा. त्याला ना फांदी, ना मुनवा, ना कलम. म्हणून उत्तम झाडाची नक्कल काढायला काचेखेरीज मार्गच नाही. १९७० नंतर ती रीत साधली, रोपे हुबेहूब आईसारखी दिसू लागली, लागवडी झाल्या. काही वर्षांनी ती झाडे फुलली आणि तेव्हा कळले. कितीएक झाडांच्या फुलांत पुंकेसरांच्या जागी जादा फळपाकळ्या आल्या होत्या. फळ जणू झगा पांघरून बसलेले, आणि घडच्या घड वाया. १९८६ साली हे जगापुढे आले. वाण तेच, गुणसूत्रे तीच, मग बिघडले काय? उत्तर मिळायला २०१५ साल उजाडले. मलेशियाच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांना सापडले की जनुकाची अक्षरे बदललेली नाहीत; एका विवक्षित तुकड्यावरचा रासायनिक शिक्का काचेतल्या वास्तव्यात पुसला गेला, आणि इतकी वर्षे गप्प बसवलेला तो तुकडा जागा झाला. त्या तुकड्याचे नाव शास्त्रज्ञांनी ठेवले आहे 'कर्म'. तांदळात तो प्रथम सापडला तेव्हापासूनचे हे नाव. ज्या झाडावर शिक्का शाबूत त्याला ते 'चांगले कर्म' म्हणतात, पुसला गेला तर 'वाईट कर्म'. आता पानाचा तुकडा तपासून, रोप शेतात लावण्यापूर्वीच, त्याचे कर्म वाचता येते. मी हे मामांना सांगितले, तर ते एवढेच म्हणाले, "आपल्या वक्ताला असं वाचणारं कोणी नव्हतं ना गा."

मामांनी बाग पुन्हा लावली आहे. या वेळी त्यांनी डोळा कोणत्या झाडाचा, खुंट कोणता, तपासणी कधी झाली, हे विचारून विचारून विकणाऱ्याला हैराण केले आणि कागद घेऊनच कलमा उचलल्या. तो कागद देवघरात, पंचांगाच्या खाली ठेवलेला आहे. गेल्या दिवाळीतली संत्री त्याच बागेची होती.

माझ्या मुलीने त्या वाटीतल्या बियांपैकी एक रिकाम्या तेलाच्या डब्यात पेरली. पावसाळ्याच्या तोंडी पाहतो तो एकाच बीतून तीन कोंब वर आलेले! दोन जोमदार, एक जरा मागे. मी तिला लेव्हेनहूकची गोष्ट सांगितली; तिघांपैकी दोघे निव्वळ आईचे असावेत आणि मागे राहिलेला आईबापांचा असावा, पण नुसते पाहून खात्री देता येत नाही, हेही सांगितले. या वेळी मी उत्तर घाईने दिले नाही. तिने थोडा विचार केला, आपल्या रिबिनीचा दोरा काढला आणि त्या मागे राहिलेल्या कोंबाला खुणेसाठी बांधला. आता त्याला सहा पाने आहेत, आणि टाचणीएवढे दोन काटे.